सौर प्लेटांच्या जोडांना उन्हात हात लावू नका



मृग तोंडावर आला आहे. त्याआधीचे हे तीन-चार आठवडे वादळवाऱ्याचे. या दिवसांत गोठ्याचे पत्रे उडतात, केळीच्या बागा आडव्या होतात, आणि अलीकडे त्यांच्या जोडीला शेतातल्या सौर पंपांच्या प्लेटाही उलथतात. दुसऱ्या दिवशी पिकाला पाणी तर द्यावंच लागतं. पुरवठादाराचा माणूस फोन उचलत नाही, उचलला तर ‘आठ दिवसांनी बघू’ म्हणतो. मग गावातला एखादा हुशार पोरगा पक्कड आणि काळी टेप घेऊन प्लेटांखाली शिरतो. त्या पोराला थांबवण्यासाठी मी हे लिहितो आहे.

मी सव्वीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. निवृत्तीनंतर बार्शी, करमाळा, परांडा या पट्ट्यात सौर पंपांची दुरुस्ती करत फिरतो. गेल्या वर्षी वैशाखात बार्शी तालुक्यातल्या एका लिंबाच्या बागेत मला बोलावलं होतं. दहा प्लेटांचा तीन एचपीचा पंप. वादळानं दोन प्लेटा उचकटल्या होत्या. मालकाच्या पुतण्यानं त्या परत बसवल्या, तुटलेले कनेक्टर कापून टाकले, वायरी सोलून एकमेकींना पीळ दिला आणि वरून टेप गुंडाळली. घरांचं फिटिंग करण्यात तो तयार होता, अडाणी नव्हता. पंप सुरू झाला, दोन-अडीच आठवडे पाणीही चांगलं आलं. मग एका दुपारी जळका वास आला म्हणून तो खाली वाकला. टेप वितळत होती. त्यानं मोटार बंद न करता तो जोड हातानं ओढून सोडवला.

मी पोचलो तेव्हा तो सोलापूरच्या दवाखान्यात होता. उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती, त्यातलं एक पुढे काढावं लागलं. जागेवर मी पाहिलं ते असं : प्लेटच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या कडेला उंदरानं कुरतडावं तशी खाच पडली होती आणि खाली मातीत साबुदाण्यासारखे धातूचे मणी सांडले होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. काळ्या टेपचं डांबर होऊन ते तांब्याच्या तारांवरून ओघळलं होतं. ज्या जागी हे झालं, तिथे त्याची बोटं होती.

त्याची चूक एकच. घरातल्या विजेचं शहाणपण त्यानं प्लेटांना लावलं. ही चूक आज हजारो हात करू शकतात, कारण आपण सगळे घरातल्या विजेवरच शिकलो आहोत.

घरातली वीज एसी. ती दिशा बदलत असते आणि सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. म्हणून बटण उघडताना उडालेली ठिणगी तिथल्या तिथे विझते. प्लेटची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही. चालू करंट असताना जोड सोडवला की दोन टोकांमधल्या हवेतून जाळ धरतो, आणि टोकं लांब नेली तरी तो ताणला जातो, लवकर तुटत नाही. वेल्डिंगवाल्याच्या हातातला जाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

घरात फ्यूज काढला की वीज गेली. प्लेटला फ्यूज कुठून काढणार? ऊन आहे तोवर प्लेट वीज बनवणारच. कंट्रोलरचं बटण बंद केलं, पेटीतला डीसी आयसोलेटर पाडला, तरी त्या आयसोलेटरपासून वर प्लेटांपर्यंतची प्रत्येक वायर जिवंत असते. आभाळ भरून आलं तरी भरवसा धरू नका. ढगांनी करंट कमी होतो, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं.

आणि खिशातला टेस्टर! तो प्लेटांच्या वायरीला लावून ‘पेटत नाही, म्हणजे करंट नाही’ असं म्हणणारे वायरमन मला दर महिन्याला भेटतात. तो टेस्टर घरातल्या फेजसाठी आहे. जमिनीशी न जोडलेल्या डीसी वायरीवर तो गप्प राहू शकतो आणि त्याच वेळी दोन टोकांमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट असू शकतात.

हे चारशे व्होल्ट येतात कुठून, ते नीट समजून घ्या, कारण सगळा धोका तिथेच वाढतो. सिलिकॉनचा एक सेल उन्हात अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर व्होल्टेज देतो. जिभेला लावलं तरी काही होणार नाही इतकं. पण ३३० वॅटच्या प्लेटमध्ये असे ७२ सेल कारखान्यातच एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून मोकळ्या प्लेटच्या दोन वायरींमध्ये साधारण ४६ व्होल्ट मिळतात. शाळेच्या पुस्तकात याला एकसर जोडणी म्हणतात, आपण सीरिज म्हणतो. एका प्लेटचं प्लस दुसरीच्या मायनसला, दुसरीचं तिसरीला. अशा दहा प्लेटा सीरिजमध्ये आल्या की ४६० व्होल्ट. पाच एचपीच्या पंपाला पंधरा प्लेटा एका ओळीत असल्या तर ६९० व्होल्ट. घरात २३० व्होल्टला आपण जपून असतो.

बोअरच्या पंपाचं उदाहरण घ्या. पाणबुडी पंपाचे स्टेज वाढवले की पाणी जास्त उंच चढतं, पण पाण्याची धार तेवढीच राहते. ती सीरिज : व्होल्टेज चढत जातं, करंट तोच. दोन विहिरींचे पाइप एकाच चारीत सोडले की पाणी वाढतं, उंची वाढत नाही. ते पॅरलल, म्हणजे समांतर : करंटची बेरीज, व्होल्टेज तेच. आता स्टेज वाढवताना पाइप किती दाब सोसेल हे तुम्ही बघताच. तसाच प्रत्येक कंट्रोलर आणि इन्व्हर्टर किती व्होल्ट सोसेल हे त्याच्या लेबलवर छापलेलं असतं. प्लेटच्या मागेही तो आकडा असतो, बहुधा १००० किंवा १५०० व्होल्ट. हे आकडे न वाचता एक प्लेट वाढवू नका. ‘ऊन कमी पडतंय, अजून दोन प्लेटा टाकू’ हे वाक्य कंट्रोलर जाळतं.

इथे थंडीचा एक मुद्दा आहे, तो जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. प्लेटवर छापलेलं व्होल्टेज सेलचं तापमान २५ अंश धरून असतं. सेल गार झाला की व्होल्टेज वाढतं, एका अंशाला साधारण पाव ते तीन दशांश टक्के. एखाद्यानं निफाडच्या घरावर ४९.५ व्होल्टच्या बारा प्लेटा सीरिजमध्ये लावल्या आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट आहे असं समजा. गुणाकार ५९४ येतो, कागदावर बसतो. पण निफाडला पौषात पारा पाच अंशांवर, कधी त्याखालीही उतरतो. त्या सकाळी सूर्य प्लेटांवर पडला की हेच व्होल्टेज सव्वासहाशेच्या घरात जातं. इन्व्हर्टर मेला, आणि मर्यादा ओलांडल्यामुळे हमीही गेली. म्हणून गणित उन्हाळ्याचं नको, आपल्या गावच्या सर्वांत थंड सकाळचं करा.

छोट्या कामांतही हीच गत. झटका मशीनच्या किंवा घरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी ३६ सेलची छोटी प्लेट येते, तिचं मोकळं व्होल्टेज २१-२२ असतं. ती मोडली म्हणून पंपाची मोठी प्लेट काढून त्याच चार्ज कंट्रोलरला लावली, असं मी तीन ठिकाणी पाहिलं. छोट्या कंट्रोलरची मर्यादा अनेकदा पंचवीस किंवा पन्नास व्होल्टची असते. एका ठिकाणी कंट्रोलर जळून वायर कडब्यात पडली होती. कडबा ओला होता म्हणून गोठा वाचला.

आता पॅरललकडे या. ‘पॅरललमध्ये व्होल्टेज वाढत नाही, म्हणजे ते सुरक्षित’ हा समज खोडून काढायला हवा. दोन ओळी पॅरललमध्ये जोडताना एका ओळीचं प्लस-मायनस उलटं झालं, तर ४६० आणि ४६० एकमेकांना जोडले जाऊन ९२० व्होल्टचं बंद कडं तयार होतं. शेवटचा कनेक्टर आत जाताच सगळा करंट त्यातून फिरू लागतो. माणूस घाबरून तोच कनेक्टर परत ओढतो, आणि जाळ नऊशे व्होल्टवर धरतो. म्हणून पॅरलल करण्याआधी प्रत्येक ओळीचं व्होल्टेज मीटरनं वेगवेगळं मोजा. मीटरचा लाल दांडा प्लसला असताना आकड्यापुढे उणे चिन्ह आलं, तर तिथेच थांबा. ओळींमधला फरक दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एखादी प्लेट कमी-जास्त झाली आहे किंवा बिघडली आहे. नऊ प्लेटांची ओळ दहा प्लेटांच्या ओळीशी जोडू नका.

ओळी तीन किंवा जास्त झाल्या की आणखी एक धोका येतो. एका ओळीत बिघाड झाला तर बाकीच्या सगळ्या ओळींचा करंट तिच्यात उलटा शिरतो. प्लेटच्या मागे ‘कमाल सीरिज फ्यूज’ म्हणून आकडा छापलेला असतो, बहुधा १५ ते २५ अँपिअर. तेवढ्याच मर्यादेचा, सौर कामासाठीच बनवलेला डीसी फ्यूज प्रत्येक ओळीला हवा. बाजारातला साधा काचेचा फ्यूज किंवा घरातला एसीचा एमसीबी तिथे लावणं म्हणजे आत जाळ पेटवून झाकण लावणं. शिवाय शॉर्ट झाला की एमसीबी पडेल, या आशेवर राहू नका. साडेआठ अँपिअरनं चालणारी प्लेट पूर्ण शॉर्ट केली तरी सव्वानऊच्या आसपास देते. एवढ्यानं एमसीबी कशाला पडेल?

पिळलेल्या जोडाचं असंच. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी साडेआठ अँपिअरला तिथे छत्तीस वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री पंचवीस-पस्तीस वॅटची असते. म्हणजे टेपच्या आत तापलेली इस्त्री ठेवून तुम्ही रोज सकाळी नऊ ते चार पंप चालवता. वास येईल तेव्हा उशीर झालेला असतो, आणि प्लेटांखाली मे महिन्यात वाळलेलं गवत असतं.

वायर फ्रेमच्या धारेवर घासू देऊ नका, हेही तितक्याच कळकळीनं सांगतो. अमेरिकेत बेकर्सफील्ड इथे ५ एप्रिल २००९ रोजी एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या ३८३ किलोवॅटच्या सौर संचाला आग लागली. वायरीची जमिनीशी झालेली पहिली लहानशी गळती तिथल्या सुरक्षा यंत्रणेला दिसलीच नव्हती. दुसरी गळती झाली तेव्हा आवरायला वेळ उरला नाही. एवढ्या मोठ्या संचावर हे होतं, तर आपल्या बांधावरच्या पेटीची काय कथा! पावसाळ्याआधी अर्थिंग तपासा, वायरी फ्रेमला क्लिपनं बांधा, लोंबकळत्या ठेवू नका. काळी टेप उन्हात वर्षभरही टिकत नाही. उन्हाला टिकणारी, दुहेरी आवरणाची सोलर केबल वेगळी मिळते, चार चौरस मिलिमीटरची. तीच घ्या.

मग वादळानंतर करायचं काय? पीक वाळताना पाहणाऱ्याला नुसतं ‘हात लावू नका’ म्हणून मला झोप येणार नाही.

प्लेट फुटली किंवा उलथली असेल तर आधी कंट्रोलरवरून मोटार बंद करा, मग डीसी आयसोलेटर बंद करा, आणि पाच-दहा मिनिटं थांबा, कारण कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. तुटलेल्या वायरीपासून आणि साचलेल्या पाण्यातल्या प्लेटांपासून मुलं आणि जनावरं लांब ठेवा. फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लगेच तक्रार नोंदवा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. तुम्ही भरलेल्या दहा किंवा पाच टक्क्यांमागे तो हक्क आहे, तो वापरा. आपण कनेक्टर कापला की त्या हक्कावर वाद सुरू होतो.

काम करणाऱ्या वायरमनला माझं सांगणं असं. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर नसेल तर हे काम घेऊ नका. साधा क्लॅम्प एसीचा असतो, तो डीसीवर शून्यच दाखवतो, आणि ते शून्य जीव घेतं. मोटार आणि आयसोलेटर बंद केल्यावर क्लॅम्पवर करंट शून्य दिसला तरच कनेक्टर उघडा, आणि तोही त्याच्या पान्यानं. काम पहाटे किंवा दिवस मावळल्यावर ठेवा. दिवसा करावंच लागलं तर प्लेटा जाड, गडद ताडपत्रीनं पूर्ण झाका. पातळ, पारदर्शक कागद उपयोगाचा नाही. ओळ जोडताना मधला एक जोड शेवटपर्यंत उघडा ठेवा, म्हणजे दोन्हीकडे निम्मंच व्होल्टेज राहतं. तो जोड सर्वांत शेवटी लावा, आयसोलेटर बंद असताना. सोडवलेल्या प्रत्येक टोकाला टोपी घाला. एका कंपनीचा नर कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या मादीत ‘बसतो’ म्हणून बसवू नका. तो बसतो, पण आतला स्पर्श सैल राहतो आणि तापतो. कनेक्टरची पिन क्रिंपिंगच्या हत्यारानंच दाबा, पक्कडीनं नाही.

मोडलेल्या प्लेटच्या जागी दुसरी घालताना सीरिजमध्ये करंटचा आकडा जुळवा. कमी करंटची एक प्लेट सगळी ओळ खाली ओढते. नऊ प्लेटा ३३० वॅटच्या आणि दहावी कुठूनतरी आणलेली २५० वॅटची, असं करू नका. उसाची किंवा झाडाची सावली एकाच प्लेटवर कायम पडत असेल तर तिचे सेल तापतात. प्लेटमागच्या डबीतले बायपास डायोड त्यासाठीच असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. तेवढी सावली तोडा.

गावातल्या, शहरातल्या घरमालकांनाही सांगतो. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं म्हणून छतं भरत चालली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण छतावर काम करणाऱ्याला दोन प्रश्न विचाराच : एका ओळीत किती प्लेटा, आणि थंडीतलं व्होल्टेज किती धरलं? उत्तर न देता तो हसला, तर त्याला खाली बोलवा.

कधी आग दिसलीच तर प्लेटांवर आणि वायरीवर बादलीनं पाणी मारू नका. लांब व्हा, १०१ ला फोन करा आणि ‘छतावर सोलर आहे, उन्हात ते चालूच असतं’ हे आवर्जून सांगा. कुणाला झटका बसून तो चिकटला असेल तर त्याला हातानं ओढू नका. कोरड्या लाकडानं वायर दूर करा, मग १०८ ला फोन करा.

केबल आणि कनेक्टर विकणाऱ्या दुकानदारांनी एक करावं. सोलरसाठी कुणी घरगुती वायर किंवा एसी एमसीबी मागितला, तर तो देऊ नका. दोनशे रुपयांची विक्री जाईल, जाऊ द्या. पंप पुरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : तालुक्याला एक शिकलेला माणूस, कनेक्टरच्या पन्नास जोड्या आणि दोन-चार प्लेटा वादळाच्या दिवसांत तयार ठेवा. शेतकरी आठ दिवस थांबू शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तो थांबत नाही म्हणूनच त्याचा पुतण्या प्लेटांखाली शिरतो. आणि आयटीआयमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो, वायरमनच्या वर्गात एक पूर्ण दिवस डीसीला द्या. मी सव्वीस वर्षांत तो दिला नाही. लिंबाच्या बागेतला तो पोरगा माझाच विद्यार्थी होता.

उद्या सकाळी ऊन वर यायच्या आत आपापल्या प्लेटांखाली एकदा वाका. हात लावू नका, फक्त बघा. कुठे काळी टेप, पिळलेली वायर किंवा वितळलेला कनेक्टर दिसला, तर त्या दिवशी मोटार सुरू करू नका. आयसोलेटर बंद ठेवा आणि डीसीचा क्लॅम्प मीटर असलेल्या माणसाला संध्याकाळी बोलवा.